आधुनिक गाडीला ट्रेलरचं वायरिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या दिव्यांच्या वायरी टॅप करून ट्रेलरचे दिवे का लावायचे नाहीत? पूर्वी तर तसंच चालायचं.

पूर्वी ब्रेक दाबला की स्विचमधून सरळ १२ व्होल्ट बल्बकडे जायचे. त्या वायरीला आणखी दोन बल्ब लटकवले तरी फ्यूजला झेपतंय का, एवढंच बघावं लागायचं. आता स्विच आणि बल्बच्या मधे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिवे वगैरे चालवणारा छोटा संगणक, बसलेलं असतं. प्रत्येक दिव्याकडे किती करंट जातोय हे ते मोजत असतं. २१ वॅटचा एक बल्ब १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअर घेतो, म्हणजे ट्रेलरचे दोन ब्रेक लाइट जोडले की साडेतीन अँपिअरची भर पडली. मॉड्यूलच्या हिशेबात हा शॉर्ट असतो. ते त्या दिव्याचा पुरवठा तोडतं आणि डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची सूचना झळकते. नशीब वाईट असेल तर आतला ट्रान्झिस्टरच जातो, आणि तो सुटा मिळत नाही. अख्खं मॉड्यूल बदलून पुन्हा कोड करावं, म्हणजे स्कॅनरने गाडीशी जुळवून द्यावं लागतं.

शिवाय दोन भानगडी आहेत. अनेक गाड्यांत एकच फिलामेंट टेल लाइट आणि ब्रेक लाइट अशी दोन्ही कामं करतं. टेल लाइटसाठी मॉड्यूल १२ व्होल्ट अखंड न देता तुकड्यातुकड्यांनी देतं. मल्टिमीटरवर ते तीन-चार व्होल्ट दिसतं आणि माणूस ‘व्होल्टेज कमी येतंय’ म्हणून भलतीकडेच शोधत बसतो. अशा वायरीवर साधा रिले (विजेने चालणारा स्विच) लावला तर तो कडकड वाजत राहतो. दुसरी भानगड म्हणजे दिवे बंद असतानाही बल्ब शाबूत आहे का हे तपासायला मॉड्यूल क्षणभराचे पल्स सोडतं. बल्बला ते जाणवत नाहीत, पण एलईडी त्यावर मिचमिचते.

वायर न कापता चिमटीत धरणारे निळे कनेक्टर तर या कामात वापरूच नयेत. ते वायरीच्या काही तारा कापतात, फटीतून पाणी शिरतं आणि वर्षा-दोन वर्षांत आत हिरवट साका धरतो.

बायपास रिले घ्यावा की त्या मॉडेलसाठीचं खास किट?

बायपास रिले गाडीच्या दिव्यांच्या वायरींवरून फक्त इशारा घेतो, तोही काही मिलिअँपिअरचा. ट्रेलरच्या बल्बांना लागणारा खरा करंट तो बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूजमधून देतो. गाडीच्या मॉड्यूलवर भार येत नाही, त्यामुळे दिवे व्यवस्थित लागतात. पण ट्रेलर जोडलाय हे गाडीला कळतच नाही.

खास किट गाडीच्या कॅन बसवर, म्हणजे गाडीतली मॉड्यूल ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात त्यांच्यावर, बसतं. ब्रेक, इंडिकेटर वगैरेंचे संदेश ते तिथूनच वाचतं आणि ‘ट्रेलर जोडला’ हा संदेश उलट गाडीला देतं. साध्या, जुन्या, पार्किंग सेन्सर नसलेल्या गाडीला बायपास रिले पुरतो. ट्रेलर स्टॅबिलिटी, मागचे सेन्सर, ब्लाइंड स्पॉट रडार यांतलं काहीही गाडीत असेल तर खास किटच घ्यावं. किमतीतला फरक बघून इथे काटकसर करू नये.

गाडीला कळलं नाही तर बिघडतं काय? दिवे तर लागतात ना!

दिवे लागणं हे निम्मं काम. ट्रेलर हेलकावे खायला लागला की गाडीची स्थिरता प्रणाली चाकांना आलटूनपालटून ब्रेक लावून तो डोल मोडते. बहुतेक गाड्यांत ही खास सोय ट्रेलर जोडल्याचा संदेश असेल तरच चालू होते. संदेश नसेल तर रिव्हर्स टाकताच पार्किंग सेन्सर ट्रेलरच्या दांड्याकडे बघून अखंड कोकलतो, आणि मागे आपोआप ब्रेक लावणारी गाडी जागची हलतच नाही. ब्लाइंड स्पॉट रडारला ट्रेलर म्हणजे कायम बाजूने चालणारं वाहन वाटतं. गाडीचा मागचा फॉग लाइट बंद व्हायला हवा, नाहीतर तो ट्रेलरच्या पुढच्या पत्र्यावरून परावर्तित होऊन आरशात डोळे दिपवतो. ट्रेलरचा इंडिकेटर बंद पडलाय हे चालकाला सांगणारी खूणही बऱ्याच गाड्यांत याच मार्गाने येते.

७ पिनचं सॉकेट की १३ पिनचं?

नवीन बसवत असाल तर १३ पिन. हे आयएसओ ११४४६ नुसार असतं, प्लग फिरवून लॉक होतो आणि पाण्यापासून बचाव चांगला होतो. ७ पिनच्या आयएसओ १७२४ सॉकेटवर फक्त रस्त्यावरचे दिवे मिळतात. रिव्हर्स लाइट, कायमचा पुरवठा, चार्जिंग काहीच नाही.

पहिल्या सात पिना दोन्हीकडे त्याच कामाच्या आहेत (शेवटी वायरीचा रंग):

१ – डावा इंडिकेटर, पिवळी
२ – मागचा फॉग लाइट, निळी
३ – पिना १ ते ८ चा अर्थ (अर्थिंग, करंट परत जाण्याची वायर), पांढरी
४ – उजवा इंडिकेटर, हिरवी
५ – उजवा टेल लाइट, तपकिरी
६ – ब्रेक लाइट, लाल
७ – डावा टेल लाइट, काळी

१३ पिनमध्ये पुढे ८ म्हणजे रिव्हर्स लाइट, ९ म्हणजे बॅटरीवरून कायमचे १२ व्होल्ट, १० म्हणजे इंजिन चालू असतानाच मिळणारा चार्जिंगचा पुरवठा, ११ हा १० चा अर्थ आणि १३ हा ९ चा अर्थ. १२ बहुधा रिकामी असते. आठच्या पुढे रंग उत्पादकागणिक बदलतात, म्हणून तिथे रंगावर विसंबू नका. सॉकेटच्या मागे कोरलेला आकडा वाचा. समोरून आणि मागून पिनांची मांडणी आरशासारखी उलटी दिसते. ३, ११ आणि १३ हे तीन अर्थ सॉकेटमध्येच एकत्र बांधून एका वायरीवर आणायचा मोह टाळावा. ट्रेलरमधल्या फ्रिजचा बारा-पंधरा अँपिअर परतीचा करंट दिव्यांच्या अर्थमधून गेला की दिवे मंदावतात.

वायर किती जाडीची, फ्यूज किती अँपिअरचा?

आधी बेरीज करू. हॅझार्डचे दोन इंडिकेटर ४२ वॅट, ब्रेक ४२, फॉग २१, टेल आणि नंबर प्लेट मिळून २०. एकूण १२५ वॅट, म्हणजे साधारण साडेदहा अँपिअर. म्हणून दिव्यांच्या मॉड्यूलला बॅटरीवरून २.५ चौरस मिमी वायर आणि १५ अँपिअरचा फ्यूज लागतो. प्रत्येक दिव्याच्या वायरीला १.५ चौरस मिमी भरपूर झाली. पिना ९ आणि १० ला, आणि तिन्ही अर्थना, किमान २.५.

लांबीकडे दुर्लक्ष करू नका. २.५ चौरस मिमी तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स मीटरला सुमारे ७ मिलिओहम. बॅटरी पुढे आणि सॉकेट मागे, मधे सहा मीटर वायर, त्यातून फ्रिजचे १५ अँपिअर: फक्त जाताना ०.६ व्होल्ट खाल्ले. येतानाचं वेगळं. फ्रिज नेहमी चालवायचा असेल तर ४ किंवा ६ चौरस मिमी ओढावी. फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत हवा. तो सॉकेटजवळ लावला तर मधली सगळी वायर उघडी पडते. पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर वाचवणारं कुणी नाही.

बसवण्याचा क्रम काय?

सुरुवात डिकीतून करा. बऱ्याच गाड्यांत डाव्या किंवा उजव्या कडेच्या ट्रिममागे कारखान्यातूनच एक रिकामा कनेक्टर सोडलेला असतो आणि फ्यूज बॉक्समध्ये त्याची जागा मोकळी असते. तो सापडला तर अर्ध्या दिवसाचं काम वाचतं.

इग्निशन बंद, दारं-डिकी बंद, किल्ली लांब. गाडी झोपायला पंधरा-वीस मिनिटं घेते. तोवर थांबा आणि मग बॅटरीचा निगेटिव्ह काढा. डिकीचं कुलूप विजेवर चालत असेल तर ते आधी उघडून ठेवा, नाहीतर बॅटरी सुटल्यावर आत अडकलेली हत्यारं बघत बसाल.

बंपर काढताना सेन्सरचे कनेक्टर सोडवा. ते सुटलेले असताना इग्निशन लावू नका. उगाच फॉल्ट कोड (बिघाडाच्या नोंदी) साठतात. लूम (वायरींचा जुडगा) डिकीत घ्यायला आधीचं रबरी ग्रोमेट, म्हणजे पत्र्याच्या भोकातली रबरी कडी, शोधा. मागच्या कोपऱ्यात हवा बाहेर जाण्याची झडप असते, तिच्यातून वायर नेली तर ती अर्धवट उघडी राहते आणि धूळ-पाणी आत येतं. नवं भोक पाडलंच तर कडा कानशीने मोडून प्रायमर लावा, मग ग्रोमेट. बाहेरच्या बाजूला वायरीला खाली झोका द्या, म्हणजे पाणी ग्रोमेटकडे न वाहता झोक्याच्या तळातून टपकेल. सायलेन्सरपासून वीतभर अंतर.

सॉकेटच्या मागचं रबरी गॅस्केट विसरलं जातं. ते वायरी जोडण्यापूर्वीच लूमवर ओवावं लागतं. नंतर सगळं उलगडावं लागतं.

बॅटरीकडची वायर दाराच्या उंबऱ्याखालून जाते. तिथे पिवळ्या कनेक्टरचा एअरबॅगचा लूम असतो. त्याला आपली वायर बांधू नका आणि त्याचे कनेक्टर उघडू नका. जोड रॅचेट क्रिंपने (वायरीवर स्लीव्ह दाबून बसवणाऱ्या पकडीने) द्या, वर गोंदवाली हीट-श्रिंक स्लीव्ह. निव्वळ सोल्डर केलेला जोड जिथे टीन संपतं तिथे कंपनाने तुटतो. कापडी टेपने गुंडाळलं की आवाज येत नाही. सगळे फ्यूज अगदी शेवटी.

अर्थ कुठे द्यायचा?

गाडीच्या बॉडीवर कारखान्याने दिलेल्या अर्थच्या बोल्टवर. टो बारवर (ट्रेलर ओढणाऱ्या लोखंडी दांड्यावर) नाही. त्यावर पावडर कोटिंग असतं आणि त्याचे बोल्ट गंजतात. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवरही थेट नाही. तिथे अनेक गाड्यांत चिमुकला करंट सेन्सर असतो. त्याला वळसा घालून अर्थ दिला तर ट्रेलरने खाल्लेला करंट त्याच्या मोजणीत येत नाही. बॅटरी भरलेली आहे असं समजून गाडी चार्जिंग कमी करते आणि इंजिन नको तिथे आपोआप बंद करते.

कॅनच्या वायरी जोडताना काय जपायचं?

दोन वायरी एकमेकींना पीळ घातलेल्या असतात. बॅटरी जोडलेली आणि बस जागी असेल तेव्हा दोन्हीवर मल्टिमीटर साधारण अडीच व्होल्ट दाखवतो, हाय वायरीवर थोडं जास्त, लोवर थोडं कमी. बॅटरी काढून दोघींमध्ये ओहम मोजले तर हाय-स्पीड कॅनवर ६० च्या आसपास यायला हवेत, कारण दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात. १२० आले तर एक टोक सुटलंय.

जोडताना पीळ शक्य तितका कमी उलगडा आणि फाटा लहान ठेवा. बल्बवाला टेस्ट लॅम्प इथे लावायचा नाही. हाय-लोची अदलाबदल झाली तर बहुधा काही जळत नाही, पण बसवरच्या सगळ्यांचं बोलणं बंद पडतं: सेंट्रल लॉकिंग मुकं, डॅशबोर्डवर इशाऱ्यांची दिवाळी. घाबरू नका, अदलाबदल दुरुस्त करा आणि फॉल्ट कोड पुसा.

कोडिंग केलंच पाहिजे का?

काही किट न कोडता दिवे लावतात, म्हणून लोक तिथेच थांबतात. पण स्टॅबिलिटी आणि सेन्सर कोडिंगशिवाय जागे होत नाहीत. स्कॅनरने गाडीला ‘नवं मॉड्यूल आलंय’ असं गेटवेच्या (सगळ्या मॉड्यूलना जोडणाऱ्या मुख्य मॉड्यूलच्या) यादीत नोंदवायचं, मग ब्रेक, पार्किंग, कॅमेरा अशा प्रत्येक मॉड्यूलमध्ये ट्रेलरचा पर्याय चालू करायचा. नव्या गाड्यांत गेटवेला कुलूप असतं आणि उत्पादकाच्या सर्व्हरशी जोडल्याशिवाय ते उघडत नाही. म्हणून किट विकत घेण्याआधी, तुमच्या वर्षाच्या गाडीला कोडिंग कोण करून देणार हे ठरवून टाका. कोडिंग करताना बॅटरीला पुरवठा देणारा चार्जर लावून ठेवा. मधेच व्होल्टेज पडलं तर मॉड्यूल अर्धवट लिहिलेलं राहतं.

काम झाल्यावर तपासायचं कसं?

एलईडीचा छोटा टेस्टर फक्त वायर योग्य पिनवर आहे का ते सांगतो. एक धागा शिल्लक असलेली वायरही त्याला चालते. खरी परीक्षा भाराखाली. ट्रेलर जोडा, किंवा २१ वॅटचे बल्ब लाकडी फळीवर लावून स्वतःचा टेस्टर करा. टेल, ब्रेक आणि इंडिकेटर एकाच वेळी लावा. मग भार चालू असताना बॅटरीवर आणि सॉकेटवर व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर जोड शोधा.

जाता जाता एक: चांगला २१ वॅटचा बल्ब थंड असताना ओहमवर मोजला तर एकापेक्षाही कमी दाखवतो. तो शॉर्ट नाही. पेटल्यावर त्याचे सात होतात.

ब्रेक दाबला की ट्रेलरचे सगळेच दिवे मंद लुकलुकतात. मॉड्यूल गेलं का?

नाही. अर्थ गेलाय. ट्रेलरच्या तक्रारी अर्थपासूनच तपासायला घ्याव्यात, आणि ही खूण तर त्याची सहीच आहे.

होतं असं. पिन ३ सुटली की ब्रेकच्या बल्बमधून आलेल्या करंटला परत जायला वाट उरत नाही. ट्रेलरचे सगळे बल्ब एका अर्थवर बांधलेले असतात. मग करंट त्या सामाईक टोकावरून टेल लाइटच्या फिलामेंटमधून उलटा वर चढतो आणि त्यांच्या वायरीने गाडीकडे जायची वाट शोधतो. दोन बल्ब एकामागे एक आल्यासारखे होतात, म्हणून दोन्ही मिणमिणतात. इंडिकेटर लावला की त्याच्या तालावर बाकीचे नाचतात.

फसवणूक अशी की कधीकधी सगळं ठीक चालतं, कारण टो बॉल आणि ट्रेलरच्या कप्लिंगमधलं लोखंड अर्थचं काम करतं. ग्रीस आणि हादरे यांच्या मर्जीवर. म्हणून कप्लिंग बॉलवरून उचला, फक्त प्लग जोडलेला ठेवा आणि दिवे लावा. आता बिघडले तर पिन ३ ची वायर नक्की. मल्टिमीटरचं काळं टोक गाडीच्या बॉडीवर, लाल टोक ट्रेलरच्या दिव्याच्या अर्थवर ठेवा. सगळे दिवे लागलेले असताना ०.३ व्होल्टच्या आत हवं. दोन-चार व्होल्ट दिसले तर लाल टोक एकेक जोड मागे सरकवत या. आकडा जिथे एकदम पडेल, तिथे दोष.

ट्रेलरला एलईडी दिवे आहेत. गाडीला ट्रेलर दिसत नाही, किंवा इंडिकेटर भरभर मिचकावतो.

बरीच मॉड्यूल बल्बच्या भारावरून ट्रेलर ओळखतात. एलईडी २१ वॅटऐवजी दोन-तीन वॅट घेते, त्यामुळे मॉड्यूलला बल्ब गेल्यासारखा किंवा ट्रेलरच नसल्यासारखा वाटतो. पहिला उपाय म्हणजे एलईडी मान्य करणारं किट किंवा कोडिंगमधला तसा पर्याय. तो नसेल तर इंडिकेटरच्या वायरीला समांतर ६.८ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर, दोन्ही बाजूंना एकेक. इंजिन चालू असताना १३.८ व्होल्टला तो २८ वॅट उष्णता सोडतो, म्हणून पत्र्यावर स्क्रूने बसवा. प्लॅस्टिकवर किंवा वायरींच्या जुडग्यात ठेवला तर वितळवतो. दिवे बंद असताना एलईडी मिचमिचत असतील तर ते तपासणीचे पल्स. तिथेही हाच रेझिस्टर, पण त्या दिव्याच्या वायरीवर.

बसवल्यापासून गाडीची बॅटरी उतरते.

गाडी लॉक करून अर्धा तास थांबा आणि निगेटिव्ह केबलवर डीसी क्लॅम्प मीटर लावा. ५० मिलिअँपिअरच्या खाली यायला हवं. त्याहून जास्त असेल तर टोच्या किटचा फ्यूज काढून बघा. आकडा पडला तर एकतर मॉड्यूल कोडिंगअभावी झोपत नाही, किंवा बायपास रिलेचा इशारा पल्स येणाऱ्या वायरीवरून घेतलाय. पडला नाही तर दोष तुमच्या कामात नाही. प्लग जोडून ट्रेलर रात्रभर उभा असेल तर पिन ९ कडे बघा: आतला एक विसरलेला दिवा पुरतो.

इंजिन चालू आहे, तरी ट्रेलरची बॅटरी भरत नाही.

बहुतेक वेळा स्मार्ट अल्टरनेटर. इंधन वाचवायला तो बॅटरी भरली की व्होल्टेज साडेबाराच्या आसपास आणतो आणि उतारावर पाय उचलला की पंधराजवळ नेतो. व्होल्टेज बघून चालू-बंद होणारा रिले यात गोंधळतो. ट्रेलरमध्ये बॅटरीजवळ डीसी-टू-डीसी चार्जर (कमी-जास्त व्होल्टेजमधूनही बॅटरीला हवं तेवढं व्होल्टेज देणारा) बसवा आणि त्याला इंजिन चालू असल्याचा इशारा पिन १० वरून द्या. चार्जर जितके अँपिअर बॅटरीत घालतो, त्याहून जास्त गाडीकडून ओढतो. २० अँपिअरच्या फ्यूजवर २० चा चार्जर टिकणार नाही.

इलेक्ट्रिक गाडीला हे चालतं का?

दिव्यांपुरतं सगळं तसंच; १२ व्होल्टची बॅटरी तिथेही असते. नारिंगी (उच्च व्होल्टेजच्या) केबलला हात लावायचा नाही आणि तिच्या शेजारून आपला लूम न्यायचा नाही. गाडीला ओढण्याची परवानगी आहे का ते नोंदणीच्या कागदांवर आणि वजनाच्या पट्टीवर पाहा. काही मॉडेलना ट्रेलर मना आहे, पण टो बॉलवरचा सायकल रॅक चालतो. त्याच्या दिव्यांनाही हेच सॉकेट लागतं.

अमेरिकी पद्धतीचा ट्रेलर जोडता येईल का?

नुसता अडॅप्टर पुरत नाही. तिकडच्या अनेक ट्रेलरमध्ये ब्रेक आणि इंडिकेटर एकाच लाल दिव्यात असतात. मधे दोन्ही इशारे एकत्र करणारा कन्व्हर्टर लागतो, आणि तुमच्याकडे पिवळा इंडिकेटर सक्तीचा असेल तर दिवेच बदलावे लागतील.

१३ ते ७ चा अडॅप्टर सॉकेटमध्येच ठेवला तर?

ट्रेलर काढला की तोही काढा. काही सॉकेटमध्ये प्लग आत गेला की दबणारा बारीक स्विच असतो. अडॅप्टरनेही तो दबतो, आणि ट्रेलर नसताना मागचा फॉग लाइट आणि पार्किंग सेन्सर बंद राहतात. शिवाय तो खाली लोंबतो आणि पहिल्याच उंच गतिरोधकावर सॉकेटचं झाकण घेऊन जातो.